जेसीबी थांबवा, ब्रश काढा!

बदलापुरात नव्या इमारतीचा खड्डा खणायला घेतला की कुंपणाच्या पत्र्याला जिथे भोक असेल तिथे एक डोळा लागलेलाच असतो. २०१९च्या उन्हाळ्यात ‘जेसीबी की खुदाई’ या एका वाक्याने देशभर धुमाकूळ घातला होता. लोक मोबाइलवर तासन्‌तास जेसीबीचं खोदकाम बघतात म्हणून सगळे हसले, आणि हसता हसता सगळ्यांनी ते बघितलंही. उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात या छंदाला तोटा नाही. टॉवर, गटारं, पाण्याच्या लाइनी, रस्त्यांचं काँक्रीट आणि परत तेच रस्ते फोडून केबल. शिवाय मुंबई-वडोदरा महामार्गासाठी बदलापूरजवळच्या भोज गावापासून पनवेलच्या बाजूला डोंगर पोखरून काढलेला चार किलोमीटरहून लांब जुळा बोगदा. खणण्यात आपण मागे नाही.

खणण्याचा दुसरा एक प्रकार असतो. त्यात दिवसभर दहा माणसं उन्हात बसतात आणि संध्याकाळी जमीन चार बोटं खाली गेलेली असते. तिथे कुणी पत्र्याला डोळा लावत नाही. पण गंमत तिथेच जास्त आहे, आणि त्या गमतीतल्या बऱ्याच गोष्टींचे धागे आपल्याच मध्य रेल्वेच्या या तीन स्टेशनांपर्यंत येतात. कसे, ते बघा.

दोनशे वर्षांचा घोळ

सुरुवात अर्थातच अंबरनाथच्या शिवमंदिरापासून. वालधुनीच्या काठावरचं हे देऊळ शिलाहारांचं, भूमिज शैलीचं. गाभाऱ्यात जायला वीसेक पायऱ्या खाली उतरावं लागतं. पहिल्यांदा येणाऱ्याला हमखास वाटतं की देऊळ जमिनीत गाडलं गेलं असणार आणि कुणीतरी उकरून काढलं असणार. तसं काही नाही. गाभारा खोलच बांधलेला आहे, आणि वर बघाल तर आभाळ दिसतं.

खरं ‘उत्खनन’ इथे एका दगडी ओळीचं झालं. उत्तरेच्या दाराच्या वरच्या तुळईवर, आतल्या बाजूला, एक शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचला आणि शक ७८२ असा आकडा काढला. म्हणजे इसवी सन ८६०. मग पंडित भगवानलाल इंद्रजींनी लेखाचा नवा ठसा घेतला, अक्षरं पुन्हा तपासली आणि सांगितलं की तो सात नाही, नऊ आहे. शक ९८२, इसवी सन १०६०. एका आकड्याच्या वळणाने देऊळ दोनशे वर्षांनी तरुण झालं. भाऊ दाजी हे भगवानलालांचे गुरू. गुरूची चूक शिष्याने पुराव्यानिशी दुरुस्त केली आणि आज सगळे १०६० हेच साल मानतात. मुम्मुणी ऊर्फ मामवाणी राजाचं नाव त्या लेखात आहे.

याच देवळाच्या वाट्याला १८६८मध्ये एक निराळाच मान आला. सरकारने मुंबईच्या स्कूल ऑफ आर्टचे टेरी नावाचे अधिकारी इथे पाठवले. त्यांच्या पथकाने भिंतीवरच्या मूर्तींचे साचे घेतले, नकाशे काढले, फोटो काढले. त्या काळी फोटो काढणं म्हणजे तंबू, काचा, रसायनं आणि बैलगाडी असा सगळा सरंजाम. आज त्याच भिंतीपुढे सेल्फीसाठी रांग लागते. दीडशे वर्षांत अंबरनाथचं शिल्प फोटोजेनिक आहे यावर दुमत झालेलं नाही.

चुलत्याचा ताम्रपट

मुम्मुणी राजाचा चुलता अरिकेसरी. हाही शिलाहार, हाही उत्तर कोकणचा राजा. त्याचा एक ताम्रपट १७८७मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात नव्या बांधकामाचा पाया खणताना सापडला. शके ९३९चा, म्हणजे १०१७ सालचा. त्या वेळी भारतात पुरातत्त्व खातं नव्हतं, म्युझियम नव्हतं, जुनी लिपी वाचणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. कलकत्त्यात विल्यम जोन्सने एशियाटिक सोसायटी स्थापून जेमतेम तीन वर्षं झाली होती. तिकडे हा ताम्रपट गेला, एका पंडिताने तो वाचला आणि १७८८च्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात त्याचं भाषांतर छापून आलं.

म्हणजे ज्या नियतकालिकाने भारताचा प्राचीन इतिहास जगापुढे मांडायला सुरुवात केली, त्याच्या पहिल्या अंकात ठाणे जिल्हा हजर! आणि तो पोचला कसा? गवंडीकामाच्या कुदळीमुळे. त्या मजुराने तांब्याचे ते पत्रे मोडीत घातले असते तर? तांब्याला तेव्हाही भाव होताच.

कॅम्प नंबर चार ते मोहेंजोदडो

आता उल्हासनगर. इथल्या जमिनीच्या वरच्या थरात दुसरं महायुद्ध आहे. युद्धाच्या काळात इथे लष्कराचा कल्याण कॅम्प होता. फाळणीनंतर त्या बराकींमध्ये सिंधमधून आलेल्या निर्वासितांना जागा दिली गेली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते ‘उल्हासनगर’ या नावाने वसाहतीची कोनशिला बसली. नाव नदीचं मिळालं, पण पत्ता सांगताना लोक आजही ‘कॅम्प नंबर चार’ असंच सांगतात. भविष्यात कुणी इथे खणलं तर बराकींचे पाये, त्यावर शिवणयंत्रांचे सुटे भाग आणि जीन्सची तांब्या-पितळेची बटणं असा क्रम लागेल. संशोधकांची चंगळ आहे.

पण ही माणसं जो प्रांत सोडून आली, त्या सिंधमध्येच आहे मोहेंजोदडो. आणि तिथल्या उत्खननाची गोष्ट बऱ्याच अंशी पुण्यातून घडली, हे फार थोड्यांना माहीत असतं.

सिंध १९३६पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता. त्यामुळे तिथल्या जुन्या वास्तूंची देखरेख भारतीय पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागाकडे, आणि त्या विभागाचं ऑफिस पुण्यात. १९११-१२च्या सुमारास या ऑफिसचे प्रमुख देवदत्त रामकृष्ण भांडारकर मोहेंजोदडोला जाऊन आले. हे रा. गो. भांडारकरांचे चिरंजीव, विद्वत्तेबद्दल शंका घ्यायला जागा नाही. त्यांनी ढिगारे पाहिले, विटा पाहिल्या आणि अहवालात लिहिलं की विटा अलीकडच्या वळणाच्या आहेत, जागा जेमतेम दोनशे वर्षांची दिसते. साडेचार हजार वर्षांच्या शहराला दोनशे!

इकडे भाऊ दाजींनी अंबरनाथला दोनशे वर्षं जादा दिली, तिकडे देवदत्तरावांनी मोहेंजोदडोला दोनशेच वर्षं देऊ केली. दोनशे हा आकडा आपल्या विद्वानांच्या कुंडलीतच दिसतो. भांडारकरांवर मात्र हसू नये. सिंधू संस्कृतीच्या विटा इतक्या नेटक्या, एकसारख्या मापाच्या आणि पक्क्या भाजलेल्या आहेत की त्या जुन्या असतील असं तोवर कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. हडप्प्याला तर त्याआधी याहून मोठा घात झाला होता. लाहोर-मुलतान रेल्वेमार्ग टाकताना ठेकेदारांनी तिथल्या प्राचीन विटा खणून नेल्या. अलेक्झांडर कनिंगहॅमने लिहून ठेवलंय की सुमारे शंभर मैलांच्या रेल्वेला खडी पुरेल एवढा माल त्या ढिगाऱ्यातून गेला.

भांडारकरांच्या खुर्चीत पुढे राखालदास बॅनर्जी आले. ते मोहेंजोदडोला गेले ते टेकाडावरच्या बौद्ध स्तूपासाठी. १९२२च्या हिवाळ्यात खोदकाम सुरू झालं आणि स्तूपाखालून भलतंच काही वर यायला लागलं. ज्या मुद्रा मिळाल्या तशाच हडप्प्यालाही मिळालेल्या होत्या. २० सप्टेंबर १९२४ रोजी पुरातत्त्व खात्याचे महासंचालक जॉन मार्शल यांनी ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये चित्रांसह जाहीर केलं आणि भारताचा इतिहास एका दिवसात दोन-अडीच हजार वर्षांनी मागे सरकला.

पुढची गोष्ट खास पंढरपूरकरांसाठी. मोहेंजोदडोच्या नकाशावर एक भाग ‘डीके एरिया’ म्हणून दाखवलेला असतो. खोदणाऱ्या अधिकाऱ्यांच्या नावांवरून विभागांना नावं दिली होती. एचआर म्हणजे हारग्रीव्ह्ज, व्हीएस म्हणजे वत्स. डीके म्हणजे दीक्षित, काशिनाथ. काशिनाथ नारायण दीक्षित, जन्म पंढरपूरचा. दाढीवाला, अर्धवट मिटल्या डोळ्यांचा, अंगावर तीन पाकळ्यांच्या नक्षीची शाल घेतलेला तो प्रसिद्ध पुतळा शाळेच्या पुस्तकात तुम्ही पाहिला असेल. त्याला धर्मगुरू-राजा म्हणतात, पण तो धर्मगुरू होता की राजा होता की दोन्ही नव्हता, याला पुरावा शून्य. तो १९२५-२६च्या हंगामात याच डीके भागात, दीक्षितांच्या खोदकामात मिळाला. उंची अवघी साडेसतरा सेंटीमीटर. शालेय पुस्तकांनी त्याला फारच मोठा करून ठेवलाय. दीक्षित पुढे १९३७मध्ये पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले.

फाळणीत माणसांची जशी विभागणी झाली तशी या वस्तूंचीही झाली. अक्षरशः. मोहेंजोदडोचे सोन्याचे हार आणि लाल मण्यांचा कमरपट्टा मण्यांसकट वाटून घेतले गेले; अर्धे दिल्लीला, अर्धे पाकिस्तानात. साडेचार हजार वर्षं अखंड राहिलेला हार विसाव्या शतकातल्या कारकुनीने तुटला. १९७२च्या सिमला कराराच्या वेळी पाकिस्तानने धर्मगुरू-राजा आणि मोहेंजोदडोचीच ‘नाचणारी मुलगी’ ही मूर्ती, असे दोन्ही पुतळे मागितले होते. एकच मिळाला. राजा कराचीला गेला, साडेदहा सेंटीमीटरची ती कांस्यमुलगी दिल्लीत राहिली. कमरेवर हात, मान ताठ; जायचंच नव्हतं तिला, असं तिच्याकडे बघून वाटतं खरं.

आणि मोहेंजोदडो पूर्ण खणलेलं नाही. मोठं खोदकाम १९६५नंतर थांबलं, कारण उघड्या पडलेल्या विटा जमिनीतल्या क्षारांनी झिजून भुगा होत होत्या. तळातले थर भूजलाखाली आहेत. तिथवर कुणाची कुदळ पोचलेलीच नाही.

डब्यात डबा, त्यात डबा

अंबरनाथच्या आकड्याची दुरुस्ती करणारे भगवानलाल आता परत येतात, कारण त्यांचं सगळ्यात गाजलेलं खोदकाम आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातलं, नालासोपाऱ्याचं. गावकरी एका टेकाडाला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणायचे. टोपल्या विणणाऱ्या राजाचा किल्ला! भगवानलालांना वाटलं हा किल्ला नव्हे, हा स्तूप. एप्रिल १८८२मध्ये मधोमध खणलं. आत गोल दगडी पेटी निघाली. पेटीच्या मध्यभागी तांब्याची डबी, तिच्यात चांदीची, तिच्यात दगडाची, तिच्यात स्फटिकाची आणि शेवटी सोन्याची. सोन्याच्या डबीत काय असावं? मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून ते एवढ्या भक्तीने जपले होते. सोबत सोन्याची फुलं, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं आणि डबीभोवती कांस्याच्या आठ बुद्धमूर्ती.

इथे पुरातत्त्वाची खरी हेरगिरी सुरू होते. नाणं दुसऱ्या शतकातलं आणि मूर्तींची घडण मात्र आठव्या-नवव्या शतकातली. एकाच पेटीत सहाशे वर्षांचं अंतर कसं? अभ्यासकांचा तर्क असा की स्तूप मध्ये केव्हातरी श्रद्धेने उघडला गेला, त्यात मूर्ती ठेवल्या गेल्या आणि परत बंद केला गेला. म्हणजे भगवानलाल दुसरे खणणारे. पहिल्यांनी सोनं जागेवर ठेवलं, वर आपली भर घातली. असे खणणारे विरळाच.

त्याच वर्षी सोपाऱ्यातच सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. तो आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. नवव्या लेखाचा तुकडा शेजारच्या भुईगावला १९५६मध्ये सापडला. पेटीतला ऐवज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. चर्चगेटहून विरार लोकल पकडली की तासा-सव्वा तासात सोपारा येतो. स्तूप बघायला जाणारे मात्र वसई-विरारकरही कमीच.

काळी, पांढरी आणि कोकणचा पाऊस

देशावरचा शेतकरी जमिनीचे दोन भाग करतो. पीक काढायची ती काळी, राहायची ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या चुलीची राख, शेण, पडक्या भिंतींची माती साचून वस्तीची जागा पांढरट होते, उंच होते. महाराष्ट्रातल्या पुरातत्त्वज्ञांना गावात गेल्यावर पहिला प्रश्न विचारायला हाच पुरतो: पांढरी कुठे आहे? बऱ्याचदा उत्तर येतं, ‘होती, पण माती उचलली.’ ही माती शेताला खत म्हणून सोन्यासारखी, धाब्याच्या छपरावर टाकायला उत्तम. इतिहासाचे थर कित्येक गावांनी बैलगाडीने शेतात नेऊन पसरले.

आपल्याकडे, बदलापूर-अंबरनाथच्या बाजूला, प्रश्न निराळा. कोकणातली जुनी घरं लाकडाची, कुडाची, गवती छपराची. वर चार महिने पाऊस. मागे राहतं ते दगडाचं. म्हणून इथला इतिहास बहुतेक देवळं, लेणी, वीरगळ आणि गद्धेगाळ यांच्याच भरवशावर चालतो.

गद्धेगाळ म्हणजे शिलाहारांच्या राज्यातली नोटीसच. वर सूर्य-चंद्र, मध्ये दानाचा लेख आणि खाली गाढव व स्त्रीचं असं चित्र, की जे बघून दान मोडणाऱ्याची हिंमतच होऊ नये. चित्रातली शिवी आईवरून आहे, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. वाचता न येणाऱ्यालाही कळणारा कायदा! सूर्य-चंद्र असेपर्यंत हे दान टिकेल, हा वरच्या चिन्हांचा अर्थ. पुढे लेख वाचणारं कुणी उरलं नाही. मग काही ठिकाणी हे दगड अपशकुनी म्हणून पालथे पडले, काही ठिकाणी शेंदूर लागून देव झाले. नांगराला किंवा पायाच्या कुदळीला आजही ते लागतात. जमिनीच्या व्यवहारात आपल्या पट्ट्यात आज जी भाषा चालते ती ऐकली की वाटतं, शिलाहार फार मागे गेलेले नाहीत.

घरात गाडलेली माणसं

पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव. डेक्कन कॉलेजने १९६८पासून कितीतरी हंगाम इथे काम केलं; ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झै. दा. अन्सारी ही नावं इनामगावशी जोडलेली. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती, शंभराहून जास्त घरं. आणि घराच्या जमिनीखाली माणसं. लहान मूल गेलं तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवायचं आणि घरातच पुरायचं. मोठा माणूस गेला तर खड्ड्यात उताणा, आणि पावलं घोट्यापासून कापलेली! मेलेल्याने उठून चालू लागू नये म्हणून, असा अंदाज आहे. जिवंतपणी घराबाहेर जायची परवानगी होती, मेल्यावर नाही.

एका पाच खोल्यांच्या घरात चार पायांचा मातीचा रांजण मिळाला. पोट फुगीर, चार आखूड पाय. त्यात एक पुरुष मांडी घालून बसवलेला. घराचा आकार आणि हा थाट बघून तो वस्तीचा प्रमुख असावा असं मानतात. इनामगावातली माती नुसती चाळून थांबले नाहीत, पाण्यात कालवली. जळकं धान्य हलकं, ते वर तरंगतं. त्या जळक्या दाण्यांवरून लोक सातू पिकवत होते हे कळलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी हातून स्वयंपाक करपला, म्हणून आपल्याला त्यांचा मेनू माहीत आहे.

साठ किलो कांस्य आणि न मिटलेलं भांडण

अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठावर दायमाबाद. १९७४मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचं मूळ उकरताना कांस्याची चार शिल्पं मिळाली: हत्ती, गेंडा, म्हैस आणि दोन बैलांचा रथ. रथात उभा माणूस, जोखडाच्या दांडीवर एक कुत्रा. चारही वस्तूंचं मिळून वजन साठ किलोंहून जास्त. एवढ्या धातूचे भंगारात किती आले असते याचा हिशोब तुम्हीच करा. त्या शेतकऱ्यामुळे ती म्युझियमपर्यंत पोचली.

पण बघा, पुरातत्त्व किती खाष्ट. मूर्ती पुरातत्त्वज्ञांच्या खोदकामात, ठरावीक थरात मिळाल्या नाहीत. म्हणून त्या नेमक्या कधीच्या यावर वाद आजही आहे. काहींच्या मते उत्तर हडप्पा काळातल्या, जवळपास चार हजार वर्षांच्या. काही म्हणतात, या कांस्यात आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त आहे, त्या काळातल्या इतर वस्तूंत तसं आढळत नाही, मग त्या नंतरच्या कशावरून नसतील? वस्तू तीच, देखणीही तेवढीच. फक्त ती कुठल्या थरात, कशाच्या शेजारी पडली होती, ते एका दुपारी कायमचं हरवलं. म्हणूनच ही मंडळी ब्रशने माती झाडत बसतात, चौकोन आखतात, दोन चौकोनांमधली भिंत न खणता उभी ठेवतात. त्या भिंतीच्या कापात थर वाचता येतात. खणलेलं परत भरता येतं, पण परत खणता येत नाही.

चणे-फुटाणे

इटलीतला व्हेसुव्हियस ज्वालामुखी इसवी सन ७९मध्ये फुटला आणि पॉम्पेई राखेखाली गेलं. १९३८मध्ये तिथे हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती मिळाल्या कुठे? आपल्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला.

कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीत पॉसिडॉन सापडला. ग्रीकांचा समुद्रदेव, पंचगंगेच्या काठी. तो कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये आहे आणि तांबडा-पांढरा खाऊन झाल्यावर बघायला वेळ पुरतो.

भारतातल्या जुन्या उत्खननांच्या अहवालांत कार्बन तारखांपुढे ‘टीएफ’ अशी अक्षरं दिसतात. ती टाटा मूलभूत संशोधन संस्थेची. साठच्या दशकात हडप्पा संस्कृतीचं वय मुंबईत, कुलाब्याला मोजलं जात होतं.

अगाथा ख्रिस्तीचा नवरा पुरातत्त्वज्ञ होता. इराकमध्ये निमरुदला सापडलेले हस्तिदंती तुकडे ती स्वतःच्या फेस क्रीमने साफ करायची. काही दिवसांत चेहऱ्याला लावायला क्रीमच उरलं नाही, अशी तिची तक्रार होती.

सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांच्या समाधीच्या आवारात २०२४मध्ये डागडुजीच्या निमित्ताने खणलं तर शेषशायी विष्णूचं अखंड शिल्प वर आलं. सुमारे एक मीटर सत्तर सेंटीमीटर लांब, आणि लक्ष्मी पाय चुरतेच आहे.

रायगडावर २०२१मध्ये सोन्याची बांगडी सापडली. अलीकडे तिथे यंत्रराजही मिळाला. हे ग्रह-ताऱ्यांच्या वेधाचं धातूचं उपकरण. गडावर तलवारी शोधणाऱ्यांची थोडी निराशा झाली असेल.

कुदळ न उचलता

बदलापूरकर म्हणतील, आमचं काय? तुमच्याकडे तर वेगळाच विक्रम आहे. न्यायखात्यातून निवृत्त होऊन बदलापूरला राहिलेल्या नारायण गोविंद चापेकरांनी १९३३मध्ये ‘आमचा गाव : बदलापूर’ हा ग्रंथ काढला. गावात कोण राहतात, काय खातात, काय पेरतात, कसे बोलतात, सण कसे करतात, कर्ज कुणाचं आणि किती, सगळं दारोदार जाऊन विचारून टिपलेलं. पुढच्याच वर्षी, १९३४मध्ये, बडोद्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. आज त्या गावावर इमारतींचा एवढा जाड थर बसलाय की जुनं बदलापूर बघायचं तर जमीन खणून उपयोग नाही, ते पुस्तक उघडावं लागतं. माझ्या मते आपल्या तिन्ही गावांत झालेलं हे सगळ्यात यशस्वी उत्खनन. शिवणयंत्रं आणि बराकींच्या उल्हासनगरला असा चापेकर कधी मिळणार, हा प्रश्न जरा गंभीरपणे विचारावा असा आहे. कॅम्पातली पहिली पिढी आता बोटांवर मोजण्याइतकी उरलीय.

सापडलंच तर?

समजा, तुमच्या सोसायटीच्या पुनर्विकासात पायाच्या खड्ड्यात काही लागलं. तर दोन कायदे लक्षात असू द्या.

पहिला, संरक्षित स्मारकांचा. अंबरनाथचं शिवमंदिर केंद्राचं संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय काही करता येत नाही. तिथे फ्लॅट घेताना बिल्डरला हा प्रश्न आधी विचारा. ‘शिवमंदिर व्ह्यू’ची जाहिरात बघून नंतर नको.

दुसरा, १८७८चा निखात निधी कायदा. जमिनीत दडलेलं काही सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांहून जास्त असली तर कलेक्टरला लेखी कळवायचं. दहा रुपये! १८७८मध्ये ती मोठी रक्कम होती, आज त्यात एक वडापावही येत नाही, पण आकडा तोच आहे. चौकशीनंतर मूळ मालक कुणी ठरला नाही, तर सापडवणाऱ्याला पाऊण हिस्सा आणि जमीनमालकाला पाव हिस्सा अशी तरतूद त्यात आहे. सरकारला वस्तू स्वतःकडे ठेवायची असेल तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जादा द्यावे लागतात. लपवलं तर मात्र हिस्सा गेलाच, वर शिक्षा. थोडक्यात, गुपचूप सोनाराकडे जाणं हा हिशोबानेसुद्धा तोट्याचा धंदा आहे.

तेव्हा दगड, मूर्ती, पत्रा, नाणी, काहीही दिसलं तर जेसीबीवाल्याला हात करून थांबवा. वस्तू उचलू नका, धुऊ नका, ऑइल पेंट किंवा शेंदूर तर अजिबात लावू नका. शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून जागेवरच फोटो काढा, खोली किती ते लिहून ठेवा आणि तहसीलदारांना कळवा. उल्हासनगर आणि अंबरनाथ हे दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्यात येतात. कलेक्टर कचेरी ठाण्याला, कोर्टनाक्यावर आहे.